गोल्फ शिकायचंय? कोकणात राहून शाळा कशी निवडावी

७ ऑगस्ट २०२१, शनिवारची सकाळ. टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फपटू अदिती अशोक शेवटच्या होलपर्यंत (चेंडू घालायच्या शेवटच्या खड्ड्यापर्यंत) पदकाच्या आशेवर होती आणि शेवटी चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि सगळं गाव भाल्याबद्दल बोलायला लागलं. आमच्या अलिबागच्या घरात मात्र नऊ वर्षांची पुतणी सकाळचाच विषय धरून बसली होती. "काका, हे कुठे शिकवतात?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. ते शोधता शोधता तीही शिकायला लागली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मीही. तीन ठिकाणं झाली, पैसे वाया गेले, मनगट दुखावलं, आणि शेवटी चांगला कोच मिळाला. आता ओळखीतलं कुणी विचारलं की मी आधी एकच सांगतो. मैदान किती हिरवं आहे ते नंतर बघा. जिथे तुम्ही वर्षभर नियमित पोचू शकाल, आणि जिथला कोच आधी तुमचा चेंडू कुठे जातोय ते बघतो आणि मग तोंड उघडतो, ती तुमची शाळा.

आधी नकाशा उघडा

कोकणपट्टीवर गोल्फची मैदानं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच आहेत, त्यामुळे अंतराचा हिशोब पहिला. पनवेल, उरण, पेण, अलिबागकडच्यांना खारघर जवळचं. डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने उभारलेलं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स तिथे आहे आणि सभासद नसलात तरी पैसे भरून तिथे खेळता येतं. शिकाऊ माणसाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा, ताडदेवचा विलिंग्डन त्याहून जुना. पण हे सभासदांचे क्लब. ओळखीचा सभासद असेल तरच तिथली चौकशी करावी.

माणगाव-महाडकडच्यांना ताम्हिणी घाट उतरणीला नसून चढणीला आहे एवढाच त्रास. घाट चढला की पुणे, आणि पुण्यात येरवड्यासारखी जुनी मैदानं आहेत. कुडाळ-सावंतवाडीकरांनी मुंबईकडे बघूच नये. गोव्यात काणकोणला राजबागच्या किनाऱ्यावर एका रिसॉर्टचं नऊ होलचं मैदान आहे आणि काणकोण कोकण रेल्वेवरच आहे. रत्नागिरी, गुहागर, राजापूर हा मधला पट्टा सगळ्यात अडचणीचा. तिथल्यांसाठी वेगळा मार्ग आहे, तो पुढे सांगतो.

नकाशावरचे किलोमीटर मात्र खरे धरू नका. अलिबागहून खारघर साधारण दोन तास, पण शनिवारी सकाळी मुंबईहून येणारी आणि रविवारी संध्याकाळी परत जाणारी गर्दी वडखळ नाक्यावर अडकली की तो हिशोब कोलमडतो. आम्ही म्हणूनच रविवारी पहाटे निघतो आणि साडेदहाच्या आत परतीला लागतो. मांडव्याहून मुंबईला जाणार असाल तर गेटवेच्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात हे धरून चला. भाऊच्या धक्क्याची रो-रो २०२० पासून आहे, तिचं वेळापत्रक बघूनच शिकवणीची वेळ ठरवा. एकदा हा प्रवास प्रत्यक्ष करून बघा, शिकवणीच्याच वारी, शिकवणीच्याच वेळी. दमून पोचलेल्या माणसाचे खांदे ताठ असतात, आणि ताठ खांद्यांनी गोल्फ शिकता येत नाही.

फोनवर काय विचारायचं

पाच-सात मिनिटांचा फोन पुरतो. पहिला प्रश्न: मला शिकवणार कोण, आणि दर वेळी तोच माणूस असेल का? या एका प्रश्नाने माझे बरेच पैसे वाचले असते. पहिल्या ठिकाणी मी वीस शिकवण्यांचे पैसे एकरकमी भरले. सात शिकवण्यांत तीन कोच आले. पहिल्याने माझी पकड एका तऱ्हेने बसवली, दुसऱ्याने ती मोडली, तिसऱ्याने पुन्हा पहिल्यासारखी करायला सांगितली. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

दुसरा प्रश्न प्रशिक्षणाचा. भारतात कोच तयार करण्याचं आणि त्यांना प्रमाणपत्र देण्याचं काम नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया ही इंडियन गोल्फ युनियनशी जोडलेली संस्था करते. कोचने तिथला अभ्यासक्रम केलाय का, कुठल्या पातळीपर्यंत, हे विचारायला संकोच करू नका. ज्याने केलाय तो आनंदाने सांगतो. मात्र प्रमाणपत्राला एक अपवाद मी मनात कायम ठेवतो. आपल्याकडचे कित्येक कसलेले खेळाडू मैदानावर काम करणाऱ्या घरांतून आले. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीतल्या कॅडीचा, म्हणजे खेळाडूंची पिशवी वाहणाऱ्याचा, मुलगा, आणि एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या मैदानावर माळीकाम करायचे. त्यामुळे साध्या हिंदीत शिकवणारा, इंग्रजी शब्द न पेरणारा कोच समोर आला तर त्याला कमी लेखू नका. त्याने आतापर्यंत कुणाकुणाला शिकवलं ते विचारा आणि त्यातल्या दोघांशी बोला.

तिसरं: गटात किती जण? एका तासाला एका कोचमागे चारपर्यंत ठीक. आठ-दहा जण असतील तर तुमच्या वाट्याला सहा-सात मिनिटं येतात. अगदी सुरुवातीला गटात शिकायला हरकत नाही, उलट दुसऱ्याची चूक बघून बरंच कळतं. पण पकड आणि उभं राहणं बसेपर्यंतच्या दोन-तीन शिकवण्या एकट्याने घ्या.

चौथं: फीमध्ये काय काय येतं? चेंडूंची बकेट, रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या जागेवर) जाण्याची प्रवेश फी, क्लबांचं म्हणजे गोल्फच्या काठ्यांचं भाडं, व्हिडिओ, हे सगळं वेगळं लावलं की स्वस्त वाटणारी शाळा महाग होते. पावसाने शिकवणी बुडाली तर भरून देणार का, हे कोकणातल्या माणसाने न विसरता विचारावं.

शिकण्याआधी एक तास नुसतं बसा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. फोनवर सगळे गोड बोलतात. शाळेत जा, रेंजच्या मागे सावलीत खुर्ची घ्या आणि दुसऱ्याची शिकवणी बघा. बघू देत नसतील तर तिथेच निर्णय झाला असं समजा.

काय बघायचं? कोच विद्यार्थ्याला आधी चार-पाच फटके मारू देतो की आल्या आल्या हात धरून वळवायला लागतो? चांगला कोच प्रश्न विचारतो: पाठ दुखते का, आधी क्रिकेट खेळायचात का, चेंडू नेहमी कुठे जातो? क्रिकेटचा प्रश्न आपल्याकडे फार कामाचा आहे. ज्याने वर्षानुवर्षं बॅट धरली त्याचा वरचा हात, कोपर आणि पुढच्या पायावर जाणारं वजन यांना वेगळं वळण लागलेलं असतं. ते वळण ओळखून शिकवणारा आणि सगळ्यांना एकच धडा देणारा, यांत जमीनअस्मानाचा फरक.

मग मोजा, एका तासात तो किती गोष्टी सांगतो. माझा आताचा कोच एका शिकवणीत एकच गोष्ट धरतो, फार तर दोन. दुसऱ्या एका ठिकाणी मी बसलो होतो तिथे एका बाईंना पाऊण तासात अकरा सूचना मिळाल्या: मान खाली, गुडघा वाकवा, डावा हात सरळ, कंबर फिरवा, हळू मारा, जोरात मारा. शेवटी त्यांना चेंडूला क्लब लावणंही जमेना. चूक त्यांची नव्हती.

"मान खाली ठेवा" हे वाक्य वारंवार ऐकू आलं तर सावध व्हा. चेंडूच्या डोक्यावर फटका बसला, म्हणजे टॉप झाला, की सगळे हेच सांगतात. पण बहुतेकदा खरं कारण असं असतं की फटका मारताना माणूस शरीराने वर उठतो, किंवा वजन मागच्या पायावरच राहतं आणि क्लबचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. मान दाबून धरली की खांदे अडकतात आणि दुखणं वाढतं.

शिकवणी संपल्यावर त्या विद्यार्थ्याला सरळ विचारा, "घरी काय करायला सांगितलंय?" त्याने एका वाक्यात सांगितलं तर कोच चांगला.

जागाही याच फेरीत बघून घ्या. रेंज नुसत्या मॅटची (नकली गवताच्या चटईची) आहे की गवतावरूनही मारता येतं? क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तरी मॅटवरून तो घसरत पुढे जातो आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो. गवतावर तोच फटका जमिनीत रुततो. म्हणजे मॅट चूक झाकते. वर कडक, झिजलेल्या मॅटखाली सिमेंट असलं की धक्का मनगटात आणि कोपरात जातो. माझं डावं मनगट असंच दोन महिने धरलं होतं. मॅट असू दे, पण जाड आणि मऊ असावी, आणि अधूनमधून गवत मिळावं.

पटिंग ग्रीन (होलभोवतीचं गुळगुळीत गवत, जिथे चेंडू घरंगळत होलमध्ये घालतात) आणि चिपिंगची (ग्रीनजवळून मारायच्या छोट्या फटक्यांची) जागा आहे का? पार ७२ चं, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत पुरे करणं अपेक्षित असलेलं मैदान धरलं तर दर होलला पटिंगचे दोन फटके याप्रमाणे ३६ फटके पटचेच मोजलेले असतात. अर्धा खेळ! तरीही कित्येक ठिकाणी सगळी शिकवणी रेंजवर उभं राहून लांब मारण्यात संपते. महिन्यातून निदान एक शिकवणी ग्रीनभोवती आणि बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) व्हायलाच हवी.

पहिली शिकवणी ही कोचची परीक्षा

एकाच शिकवणीचे पैसे भरा. कितीही सवलत दाखवली तरी पॅकेज नको.

तुम्ही फटके मारताना कोच कशाकडे बघतो ते ध्यानात ठेवा. फक्त तुमच्या शरीराकडे बघणारा अर्धंच बघतो. चेंडू कुठून निघाला आणि हवेत कुठे वळला, यात सगळी माहिती असते. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा चेंडू बहुतेकदा उजवीकडे वळतो, त्याला स्लाइस म्हणतात. तेव्हा विचारा, "हा असा का जातो?" जुनी समजूत अशी होती की चेंडू क्लबच्या फिरण्याच्या दिशेने निघतो आणि क्लबच्या तोंडाच्या (चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) दिशेकडे वळतो. रडारवर मोजमाप करणारी यंत्रं आल्यावर कळलं की चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबचं तोंड जिथे रोखलेलं असतं तिथे, आणि वळतो तो तोंड आणि फिरण्याची दिशा यांत जो कोन पडतो त्यामुळे. जो कोच हे स्वतःच्या शब्दांत सांगतो आणि मग तुमची पकड तपासतो, तो कारणापासून सुरुवात करतोय. "तुम्ही अजून डावीकडे तोंड करून उभे राहा" एवढंच सांगणारा स्लाइस आणखी पक्की करतो.

ट्रॅकमनसारखं हे रडारचं यंत्र असलेली शाळा बघून भारावून जाऊ नका. यंत्र आकडे देतं, शिकवत नाही. पण आकड्यांतला एकच निवडून "आज एवढ्यावर काम करू" म्हणणारा माणूस शेजारी असेल तर त्याचा उपयोग फार मोठा.

आणि तुमचं शरीर. चाळिशीनंतर शिकणाऱ्याने कंबर, गुडघा, खांदा यांचं जुनं दुखणं पहिल्याच दिवशी सांगावं. ऐकून घेऊन फटका त्याप्रमाणे आखूड करून देतो का ते पाहा.

शिकवणीनंतर दोन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशी कोचने सांगितलेली गोष्ट तुम्हाला आठवते का? आठवत असेल तर पुढच्या पाच शिकवण्या घ्या. वीस नाहीत, पाचच.

सामानाची घाई नको

नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात, म्हणून पहिल्याच महिन्यात १४ घ्यायची गरज नाही. सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब), एक वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा) आणि पटर (पटिंगचा) यांवर सहा महिने निघतात आणि चांगल्या शाळेकडे ते भाड्याने असतात. जी शाळा दुसऱ्याच दिवशी पूर्ण सेट गळ्यात मारते, तिचं लक्ष शिकवण्यावर नाही. डावखुऱ्यांनी मात्र डाव्या हाताचे क्लब आहेत का ते फोनवरच विचारावं. बऱ्याच ठिकाणी नसतात, आणि नाहीत म्हणून "उजव्याने शिका" असा सल्ला मिळतो. गोल्फपटू दीक्षा डागर डाव्याच हाताने खेळून ऑलिंपिकपर्यंत गेली.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावं. खारी हवा लोखंडाला खाते. क्लब वापरले की गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून ठेवा, आणि गाडीच्या डिकीत कोंडून ठेवू नका. कातडी हातमोजा आगोटीनंतर बुरशी धरतो आणि घामाने कडक होतो; पावसाळ्यात सिंथेटिक बरा.

मुलांसाठी

पुतणीच्या निमित्ताने शिकलेलं थोडक्यात. मोठ्यांचा क्लब कापून मुलांच्या हातात देणारी शाळा नको. कापला तरी डोकं जडच राहतं आणि मूल चुकीच्या पद्धतीने जोर लावायला शिकतं. उंचीप्रमाणे हलके क्लब हवेत. मुलांच्या शिकवणीत निम्मा वेळ खेळ असावा. फटका मारणाऱ्यापासून बाकीची मुलं किती लांब उभी करतात ते जरूर बघा. आखलेली रेघ किंवा ठेवलेले शंकू नसतील तर परत फिरा. आईवडिलांना जवळ बसू देतात का, स्त्री कोच किंवा साहाय्यक आहे का, हेही विचारा. आणि चेंडू कुणाच्या दिशेने गेला की "फोर!" ओरडायचं, ग्रीनवर पडलेला खड्डा बुजवायचा, बंकरची वाळू सारखी करायची, हे पहिल्या महिन्यात शिकवणारी शाळा मुलांना खेळ शिकवते आहे असं समजावं.

पाऊस आणि वीज

जून ते सप्टेंबर मैदानावर फारसं शिकणं होत नाही हे गृहीत धरा. छप्पर असलेली रेंज असेल तर उत्तम. नसेल तर या महिन्यांत मुंबईतल्या एखाद्या सिम्युलेटरवर (खोलीत पडद्यावर चेंडू मारायच्या यंत्रावर) शिकवणी मिळते का बघा, किंवा सरळ चार महिने पटिंग करा. आम्ही ओटीवर सतरंजी पसरतो, तिच्या टोकाला वाटी आडवी ठेवतो, आणि पागोळ्या गळत असताना रोज पन्नास पट मारतो. पुतणी माझ्यापेक्षा जास्त घालते.

विजेचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. कोकणात पाऊस सुरू होताना आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात दुपारनंतर विजा फार कडाडतात. मोकळं मैदान आणि हातात धातूचा दांडा. वीज चमकली तर सूचना कशी देता, भोंगा आहे का, आसरा कुठे, हे शाळेला विचारा. "तसं काही होत नाही" हे उत्तर चालणार नाही. झाडाखाली उभं करणारा कोच तर मुळीच नको.

दोन शिकवण्यांच्या मध्ये

रत्नागिरी-राजापूरकडच्यांना सांगायचं राहिलेलं इथे. दर आठवड्याला जाणं शक्य नसेल तर पुण्यात किंवा गोव्यात तीन-चार दिवस सलग शिकवण्या घ्या, मग महिना-दीड महिना घरी सराव, मग पुन्हा दोन दिवस. फक्त कोच मधल्या काळात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ बघून उत्तर देईल का, आणि त्याचे पैसे किती, हे आधी ठरवून घ्या. व्हिडिओ दोनच बाजूंनी काढायचे: एक समोरून, छाती कॅमेऱ्याकडे असताना, दुसरा मागून, चेंडू जिथे मारायचाय त्या रेषेत, दोन्ही वेळा कॅमेरा हातांच्या उंचीवर. तिरका काढलेला व्हिडिओ फिरण्याची दिशा चुकीची दाखवतो.

आणि आपल्याकडे मुंबईकराकडे नसलेली एक गोष्ट आहे: ओहोटीची पुळण. सेव्हन आयर्न घेऊन पहाटे जा, माणसं नसतील अशी जागा बघा, चेंडू न्यायचाच नाही. ओल्या घट्ट वाळूवर एक सरळ रेघ मारा आणि रेघ म्हणजे चेंडू समजून तिच्या दोन्ही बाजूंना पाय येतील असं उभं राहा. आता क्लब फिरवा. वाळूत उमटलेली खूण रेघेपाशी किंवा तिच्या पुढे, जिथे मारायचंय त्या बाजूला, सुरू झाली तर फटका बरोबर. मागे सुरू झाली तर वजन मागच्या पायावर राहतंय. रेघेवर थोडं थोडं पुढे सरकत वीस वेळा फिरवा, मग मागे वळून खुणांची रांग वाचा. मॅटवर शंभर चेंडू मारून जे कळत नाही ते इथे कळतं. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा आठवड्याचं वेळापत्रक त्याप्रमाणे लावा, आणि घरी आल्यावर क्लब गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका.

या खुणांचा फोटो कोचला पाठवा. माझ्या कोचला पहिल्यांदा पाठवला तेव्हा त्याने लगेच फोन केला आणि पुढची अख्खी शिकवणी त्या एका फोटोवर घेतली.

कोच बदलावा कधी

पाच शिकवण्या आणि मधला सराव एवढं झाल्यावर चेंडू लांब जायलाच हवा असं नाही. पण तुमची ठरावीक चूक कुठली आणि ती का होते, हे तुम्हाला सांगता यायला हवं. दहा शिकवण्यांनंतरही ते सांगता येत नसेल, किंवा कोच दर वेळी नव्यानं सुरुवात करत असेल, तर बदला, आणि बदलताना त्याला तसं सांगून बदला. नव्या कोचला आधीच्याने काय शिकवलं ते लिहून द्या. नवा कोच तो कागद वाचून, बाजूला ठेवून, "बरं, आधी चार फटके मारा" म्हणाला, तर तिथेच पुढच्या पाच शिकवण्यांचे पैसे भरायला हरकत नाही.